बटणचा पडदा

त्या गल्लीत तिला नावाने कुणी ओळखत नव्हते. सगळे तिला पडदेवाली म्हणत. कुणाच्या खिडकीला कापड अपुरे पडले, कुणाच्या सोफ्याच्या खोळी उसवल्या, कुणाला नव्या घरात सामान येण्याआधी काचा झाकून हव्या झाल्या, की माणसे तिच्याकडे येत. स्वतः खिडकी मोजल्याशिवाय ती कापडाला कात्री लावत नसे. "तुम्ही आणलंत ते तुमच्या मनाचं माप. खिडकीचं मी आणते," असे ती गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायची आणि टेप गळ्यात अडकवून चालू लागायची. पडद्याची खालची दुमड भरपूर ठेवायची, कारण कापड धुतल्यावर आटते. आटण्याची सोय धरूनच शिवायचे, हा तिचा धडा होता. माणसांच्या शब्दांनाही तिने तो लावला असता तर पुढचे बरेच टळले असते.

तिने लग्न केले नव्हते. दुकानाच्या मागच्या खोलीत ती आणि तिचा कुत्रा राहत. कुत्रा मध्यम चणीचा, तपकिरी, दोन्ही डोळे काळे गोल आणि जरा बाहेर आलेले, जसे कुणी घाईत लावले असावेत. म्हणून त्याचे नाव बटण. दिवसभर तो मशीनच्या टेबलाखाली तिच्या पायांशी पडून असे. मशीनचा आवाज थांबला की तो मान वर करी, सुरू झाला की पुन्हा झोपे.

मग एक दिवस धाकटा भाऊ आला. त्याच्या मुलीला शाळेतून आल्यावर सांभाळायला कुणी नव्हते. नवरा-बायको दोघेही नोकरीला, आणि ठेवलेली प्रत्येक बाई महिन्याच्या आत हात टेकून गेलेली.

"ताई, तू आमच्याकडेच ये," तो म्हणाला. "पुढची खोली तुला देतो. मशीन आण, गिऱ्हाइकं आण. तुलाही सोबत, पोरीलाही."

"बटणही येईल."

भावाने कुत्र्याकडे पाहिले आणि ओठ मुडपले. "ये. पण एक सांगून ठेवतो. घरात कुणालाही त्याचा दात लागला, तर त्याच दिवशी तो बाहेर. मग रडायचं नाही."

"मान्य," ती म्हणाली. 'कुणालाही' म्हणजे पोरीला, असेच तिने धरले. खिडकी न मोजता माप घेतले ते एवढ्या एकाच वेळी.

पोरीला डॉक्टरांनी स्वमग्नता सांगितली होती. बोलायची थोडे, आणि बोलायची तेही ऐकलेलेच वाक्य, ज्या सुरात ऐकले त्याच सुरात. डोळ्याला डोळा भिडवत नसे. पाठ ताठ ठेवून जिथे बसवावे तिथे बसून राही, म्हणून आत्याने तिचे नाव ठेवले ठकी. जुन्या लाकडी बाहुलीला म्हणतात तशी. आईला ते आवडले नाही, पण ठकीला आवडले असावे, कारण त्या हाकेला ती मान वळवायची.

आल्या-आल्याच ठकीने बटणच्या गळ्याला मिठी मारली. मिठी म्हणजे कशी, तर दोन्ही हातांनी आवळून, दात-ओठ खाऊन. बटणचे आधीच बाहेर आलेले डोळे आणखी बाहेर आले. तो गुरगुरला. आत्याने झटकन मध्ये हात घालून दोघांना सोडवले.

"बघ! मी काय म्हणत होतो?" भाऊ दारातून म्हणाला. "पोर दुष्ट आहे असं नाही गं, पण तिला कळत नाही."

आत्याला मात्र काही दिवसांनी उलगडले की ठकीला चांगलेच कळते. आवाज फार झाले, उजेड फार झाला की ठकी कान झाकून किंचाळत सुटे, आणि तेव्हा तिची आई तिला जाड पांघरुणात गुंडाळून घट्ट दाबून धरी. मगच तिचा जीव शांत व्हायचा. आवळणे म्हणजे सुख, हे तिला घरानेच शिकवले होते. जे आपल्याला सुखाचे, तेच तिने बटणला दिले. यात चूक कुणाची काढायची?

आत्या ठकीच्या शाळेत गेली. तिथल्या बाई तरुण होत्या, पण बोलायला स्पष्ट. "असं करू नको, असं तिला सांगू नका. करायचं काय, ते सांगा. छोटं वाक्य, रोज तेच. आणि घरातल्या सगळ्यांनी तेच म्हणायचं, तेच करायचं. नाहीतर तिला वाटेल, नियम आत्याचा आहे, जगाचा नाही."

आत्याने घरी येऊन भावाला हे सांगितले. तो वर्तमानपत्रातून डोके न काढता म्हणाला, "आता मला कुत्र्याची शिकवणी लावतेस का? तू शिकव पोरीला. आम्ही शिकलेलेच आहोत."

तेव्हा तिने एकटीनेच सुरुवात केली. मखमलीच्या उरलेल्या तुकड्यांचा तिने एक कुत्रा शिवला आणि आत चिंध्या ठासून भरल्या. मखमल मुद्दाम निवडली होती. मखमलीला लव असते, एका दिशेने हात फिरवला तर लोण्यासारखी, उलटा फिरवला तर बोटांना टोचल्यासारखी. उलटा स्पर्श ठकीला मुळीच सोसत नसे. तिने एकदाच उलटा हात फिरवला, शहारली, आणि मग कायमची मानेकडून शेपटीकडे हात फिरवायला शिकली. डोळे, कान, शेपूट या जागांवर आत्याने खरखरीत गोणपाट शिवले होते. तिकडे ठकीचा हात आपोआप जाईना.

आवळण्याची भूक भागायला हवी होती. त्यासाठी एक जड, गच्च भरलेली उशी केली. "घट्ट उशीला, हलकं बटणला," आत्या म्हणायची आणि करून दाखवायची. ठकी तिच्याच सुरात म्हणायची, "घट्ट उशीला, हलकं बटणला," आणि उशीला अशी आवळायची की शिवण करकरे.

मग खरा बटण. आत्या शेजारी बसल्याशिवाय दोघांना कधी एकत्र ठेवले नाही. गिऱ्हाईक आले तर ठकीला सोबत घेऊन दारापर्यंत जायचे, पण दोघांना मागे सोडायचे नाही. हात उघडा पुढे धरायचा. बटणने वास घेतला आणि थांबला, तर मानेपासून हलका हात. तोंड फिरवले, तर हात मांडीवर. पट्टाही तिने नवा केला, जाड कापडाचा, बकलाऐवजी वेल्क्रोचा, कारण ठकीने भरात पट्टा धरून ओढलाच, तर तो सुटून यावा आणि बटणचा गळा आवळू नये. पट्टा सुटला की ठकीच्या हातात नुसते कापड राही, ती ते बघत बसे आणि तेवढ्यात बटण मोकळा होई.

आणि मग पडदा. मशीनच्या टेबलाला पुढून तिने एक गडद, जाड पडदा लावला. त्याच्या आत बटणची सतरंजी आणि पाण्याची वाटी. तो कंटाळला की आत जायचा. आत गेला की कुणी हात घालायचा नाही, हाक मारायची नाही, डोकावायचे नाही. त्याचे वाक्य असे होते: "पडदा बंद. बटण आत. आपण थांबायचं. बटण येईल."

वाक्य शाळेच्या बाईंनी बांधून दिले होते, पण शेवटचे दोन शब्द त्यांचे नव्हते. नुसते थांबायचे म्हटले की ठकी अस्वस्थ होई, कपाळ भिंतीवर आपटू लागे. म्हणून आत्याने वाक्याला शेवटी गोड तुकडा जोडला. आणि तो खोटा ठरू नये म्हणून खिशात बिस्किटाचे तुकडे ठेवी. ठकी पुरेशी थांबली असे वाटले की आत्या हात हळूच खाली सोडी, वासाने बटण बाहेर येई. प्रत्येक वेळी आला. ठकीच्या लेखी ते वाक्य आता सूर्य उगवण्याइतके पक्के झाले.

एका दुपारी आत्या झालर लावत होती आणि ठकी उशी घेऊन जमिनीवर बसली होती. बटण पडद्याआडून आला, आळस दिला, आणि कुणी न बोलावता त्याने आपले डोके ठकीच्या पावलावर ठेवले. ठकीने श्वास रोखला. हात पुढे केला, थांबली, मग मानेपासून हलकेच फिरवला.

"जड," ती म्हणाली. ऐकलेले नव्हे, स्वतःचे.

आत्याने मशीन थांबवली नाही. थांबवली असती तर बटण उठला असता. तिने नुसती मान वळवली, तर दारात ठकीची आई उभी. लवकर सुटून आली होती, खांद्यावरची पिशवीही उतरवली नव्हती.

"ताई," ती अगदी हळू म्हणाली, "मला तिने आजवर आपणहून हात लावला नाही. मी दाबून धरते तेव्हा धरून घेते, एवढंच."

"लावेल गं. वाट कळलीय आता तिला."

"कुत्र्यापर्यंतची," आई म्हणाली आणि आत निघून गेली. ते वाक्य आत्याच्या लक्षात राहिले.

त्यानंतर एका सुटीच्या दिवशी ठकीचा मामा जेवायला आला. मामा म्हणजे हसरा, अघळपघळ, घरात शिरला की घर भरून टाकणारा माणूस. आल्याबरोबर त्याने ठकीचे गाल ओढले, भाचीने कान झाकले, तो म्हणाला, "लाजते बघा मामाला!" भाऊ हसला. घरात पाहुणा हसवत असेल तर भाऊ नेहमीच हसे.

जेवणे झाली. बटण एवढ्या गलक्याला कंटाळून केव्हाच पडद्याआड गेला होता.

"आणि ते कुठंय तुमचं बटण?" मामाने विचारले. "नवरीसारखं पडद्यात बसलंय की काय?"

"असू दे त्याला," आत्या म्हणाली. "आत असला की आम्ही काढत नाही."

"अहो ताई, कुत्र्याला डोक्यावर बसवलंत की तो घर चालवतो. आमच्याकडे हे असले होते दांडगे, माझ्या हातचं खायचे." आणि मामाने गुडघ्यावर बसून पडदा वर केला.

"पडदा बंद," ठकी म्हणाली.

"अरे वा, बोलते की!"

"पडदा बंद. बटण आत. आपण थांबायचं."

"मामाला थांब म्हणते! वकील होणार बरं का ही!" मामा सगळ्यांकडे बघून हसला. ठकीची आई हसली, भाऊ हसला. ठकीचे हात मांडीवर गच्च दाबलेले होते.

"काढा हात," आत्या उठत म्हणाली. पण ती टेबलाच्या पलीकडे होती. मामाने पट्टा धरून ओढले. वेल्क्रो चर्रकन सुटला आणि मामा पट्ट्यासकट मागे आपटला. पुन्हा हशा. या वेळी मामाला तो फारसा आवडला नाही. त्याने पट्टा फेकला, आत हात घातला आणि बटणच्या मानेचे कातडे धरून त्याला फरफटत बाहेर काढले.

बटणने त्याच्या हाताचा चावा घेतला. एकदाच, आणि सोडून परत आत गेला.

पुढचे सगळ्यांना माहीत असते तसेच झाले. पाण्याखाली हात, साबण, दवाखाना, इंजेक्शन. दवाखान्यातून आल्यावर मामा मोठ्या मनाने म्हणाला, "जाऊ द्या हो, माझं काय. पण माझ्या जागी पोर असती तर?" आणि हे वाक्य घरात राहायलाच आले.

"पोर तिथंच होती," आत्या म्हणाली. "ती हात मांडीवर ठेवून बसली होती. तीच एकटी."

"ताई, अट तुझ्यासमोर ठरली होती," भाऊ म्हणाला.

"त्याला ओढून काढलं. तू बघत होतास. हसत होतास."

"कोर्ट आहे का हे? दात लागला की नाही लागला?"

आत्याने भावजयीकडे पाहिले. ती पोरीची आई, रोज घरी येऊन बघत होती की पोर काय शिकली आहे. एक शब्द तिने टाकला असता तर पारडे फिरले असते. ती ताटे उचलत होती. उचलतच राहिली.

"बघू," भाऊ शेवटी म्हणाला. आत्याने त्या 'बघू'वर विश्वास ठेवला. दुसऱ्या दिवशी ती एका कार्यालयात मोठ्या खिडक्यांचे पडदे टांगायला गेली, आधीच ठरलेले काम होते. भावाने रजा घेतली होती. पोरीला मी बघतो, म्हणाला. तिला बरेच वाटले.

परत आली तेव्हा ठकी टेबलासमोर ताठ बसलेली, उशी कुशीत, नजर पडद्यावर.

"पडदा बंद," तिने आत्याला सांगितले. "बटण आत. आपण थांबायचं. बटण येईल."

आत्याने हात खाली सोडला, बिस्किटाचा तुकडा धरून. आत काही हलले नाही.

भावजय स्वयंपाकघराच्या दारात आली. "ह्यांनी नेलं त्याला, ती आतल्या खोलीत होती तेव्हा. मालगोदामात, ओळखीच्या पहारेकऱ्याकडे. ती शोधायला लागली, रडायला लागली, मग... मग ह्यांनी तिला तसं सांगितलं."

"कसं?"

"तुमचंच वाक्य."

आत्याने पडदा बाजूला केला. सतरंजी, वाटी, वाटीत पाणी. ठकी किंचाळली, जशी कित्येक महिन्यांत किंचाळली नव्हती. आत्याच्या हातातून पडदा हिसकून तिने तो लावला, कड जमिनीला टेकवली, आणि पुन्हा जागेवर बसून हात मांडीवर ठेवले.

"आत्या चुकली," ती म्हणाली.

आतून भाऊ आला. "कशाला उघडलंस? बघ, इतका वेळ कशी शांत बसली होती. तू शिकवलंस ते फुकट गेलं नाही, हे तरी मान." आणि त्याच्या आवाजात खरोखरच कौतुक होते.

दुसऱ्या दिवशी ती बस बदलत मालगोदामात गेली. पहारेकरी माणूस भला होता. त्याने तिला बसायला खोके दिले आणि मग कापडी पट्टा आणून हातात ठेवला, त्याला अजून दोरी बांधलेली. "बाई, मी बांधला होता हो नीट. त्याने एक हिसका दिला, आणि हे उघडलंच. असला कसला पट्टा शिवतात?"

"मी शिवलाय," ती म्हणाली.

रस्त्याच्या कडेकडेने ती हाका मारत फिरली. ट्रकवाल्यांना विचारले, टपरीवाल्याला विचारले. त्या दिवशी, आणि नंतरही जमेल तेव्हा. कुणी म्हणाले, तपकिरी कुत्रा पाहिला. तपकिरी कुत्रे पुष्कळ असतात. बटण सापडला नाही.

घरी ठकी थांबतच होती. शाळेला निघेना, जेवण तिथेच, आणि उठायचे नाही म्हणून कपडेही तिथेच ओले. बटण येईल असे सांगितले होते, तो आला नव्हता, म्हणजे अजून थांबायचे होते. किती थांबायचे, आणि थांबणे सोडायचे केव्हा, हे तिला कुणी शिकवलेच नव्हते.

आत्या पुन्हा शाळेच्या बाईंकडे गेली. बाईंनी सगळे ऐकून घेतले. "खोटं वाक्य नुसतं काढून घेता येणार नाही," त्या म्हणाल्या. "त्याच जागी खरं बसवावं लागेल. छोटं."

मग आत्याने आपल्याच हाताने घातलेली शिवण उसवायला घेतली. ठकीचा हात धरून, "पडदा उघड. आत बघ. रिकामं." ठकी किंचाळे, हात ओढून घेई, उशी आवळे. आत्या थांबे आणि पुन्हा म्हणे. ठकीचा तळहात तिने रिकाम्या सतरंजीवर टेकवला, मानेकडून शेपटीकडे फिरवतात तसा फिरवला. सतरंजीला बटणचा वास होता, तो दोघींनाही आला. "रिकामं," आत्या म्हणाली, आणि तिचाच आवाज फाटला, तर ठकीने तो शब्द फाटक्या आवाजासकट शिकून घेतला.

ठकी काही शिकली की पुरते शिकते. एके सकाळी ती आपणहून उठली, पडदा उघडला, आत पाहिले. "रिकामं." मग खिडकीचा पडदा. "रिकामं." मग कपाट, न्हाणीघर, जिना, शेजाऱ्यांचे दार. शाळेतही बाकाखाली वाकून बघू लागली. पण निदान शाळेत गेली. शेजारीण पहिल्यांदा हसली, नंतर दाराला कडी लावू लागली.

आत्या ते घर सोडणार होती. ट्रंक भरायलाही घेतली होती. पण दुपारी ठकी शाळेतून आली की दार कोण उघडणार होते? ट्रंक अर्धी भरलेली तशीच पलंगाखाली राहिली. भावाशी ती कामापुरते बोले. भावाला वाटे, वेळ गेला की होईल सगळे ठीक. एकदा तर म्हणाला, "ताई, पोरीसाठी मासे आणू या का, काचेच्या पेटीत? चावायची भीती नाही." आत्याने दोरा दाताने तोडला.

अशाच एका सुटीला मामा आला होता, हातावरचा पांढरा व्रण दाखवत तीच गोष्ट नव्याने सांगत होता. भाऊ जेवून आतल्या खोलीत पडला होता. ठकी आपल्या फेरीवर निघाली होती. मामाच्या खुर्चीला वळसा घालून, कान झाकून, ती पुढे गेली. तिने कपाट उघडले, बंद केले. मग आतल्या खोलीचे दार ढकलले. पलंगावर बाप उशीला टेकून बसला होता. पोर आपणहून आपल्याकडे आली, हे बघून त्याचा चेहरा असा उजळला की भावजयही मागून येऊन थांबली.

"ये, ये बाळा," त्याने हात पुढे केला. उघडा हात, तळवा वर. कुणाचे तरी बघून शिकला असावा.

ठकीने पलंगावर पाहिले, पलंगाखाली पाहिले.

"रिकामं," ती म्हणाली, आत्याच्या त्या फाटक्या आवाजात, आणि दार ओढून घेतले.

भाऊ बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. "असं का म्हणाली ती मला? ताई? काय शिकवलंयस तिला?"

ठकी कुत्रा शोधते, माणसांबद्दल ती काही म्हणत नाही, एवढे सांगितले असते तर त्याच्या जिवाला आराम पडला असता. आत्याने ते सांगितले नाही. तिने मशीनवर कापड सरळ केले, दुमड घातली आणि पाय दाबला.